मिसरच्या वाटेवरचें सोनें

शास्त्रपाठ : मत्तय 2:11-15

मागी लोकांनीं बाळ येशूपुढें सोनें, ऊद व गंधरस ठेविला, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोंच योसेफास मायलेकरांसह मिसर देशीं पळून जावयाची आज्ञा झाली. रात्रींच निघावें लागलें. परदेशीं त्या कुटुंबानें पोट कशावर भरलें हें शास्त्र सांगत नाहीं, व शास्त्रास पदरचें जोडणें आम्हांस आवडत नाहीं. तथापि तें सोनें त्या दिवसांत विकलें गेलें असेल असें आम्हांस वाटतें.

कापणीच्या सणाचा लिलाव आपण जाणतच आहां. एखादा भोपळा बाजारभावाच्या दसपटीनें जातो; घेणारा तो पुन्हा मेजावर ठेवितो, व त्याची पुन्हा बोली होते. परका मनुष्य हंसेल. पण तेथें भोपळ्याची किंमत होत नसते.

असाच एक लिलाव 20 जून 2022 रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. रशियांतील संपादक दिमित्री मुरातोव ह्यांस 2021 सालीं मिळालेलें नोबेल शांतता-पारितोषिकाचें सुवर्णपदक विक्रीस होतें. ह्या पदकावर मूर्तिकार गुस्ताव विगेलँड ह्याच्या हातचे, एकमेकांस बंधुभावानें धरलेले तीन पुरुष आहेत. फेब्रुवारी 2022 मध्यें रशियाच्या सैन्यानें युक्रेनवर चाल केली, आणि लक्षावधि आयांस लेकरें घेऊन घरें सोडावीं लागलीं. त्या लेकरांसाठीं मुरातोवांनीं पदक विकावयास काढिलें. 10 कोटी 35 लक्ष डॉलर आले. घेणाऱ्याचें नांव तेथें पुकारलें गेलें नाहीं. सर्व रक्कम लेकरांच्या साहाय्यार्थ युनिसेफ ह्या संस्थेस गेली.

आंकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु आम्हांस थोर वाटतें तें निराळेंच. देणारा रशियाचा, लेकरें युक्रेनचीं. स्वदेशाच्या तोफांनीं ज्यांचीं छपरें उडविलीं, त्यांच्यासाठीं त्यानें आपला मान बाजारांत मांडिला. बांधावरून भाऊबंदकी चालली असतां त्या भावाच्या लेकरांसाठीं आपल्यापैकीं कितीजण मडक्यांतलें दाणे काढितील?

पूर्वींही असें घडलें आहे. नोव्हेंबर 1939 मध्यें सोव्हिएत रशियानें फिनलंडवर स्वारी केली. तेथील पीडितांच्या साहाय्यार्थ डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स बोर व ऑगस्ट क्रोघ ह्यांनीं आपापलीं नोबेल पदकें दिलीं, आणि 12 मार्च 1940 रोजीं त्यांचा लिलाव झाला. फिनलंडचा तह झाला तोही त्याच दिवशीं. तहानें कारेलिया प्रांताचा मोठा भाग गेला, व चार लाखांवर लोक बेघर झाले.

पुढें काय झालें तें ऐका. महिना भरण्यापूर्वींच, 9 एप्रिल रोजीं, जर्मन सैन्य डेन्मार्कांत शिरलें. बोर ह्यांची आई यहूदी कुळांतील होती. सप्टेंबर 1943 मध्यें आपणांस धरण्याचा बेत आहे असें कळतांच ते पत्नीसह रात्रीं होडींतून स्वीडनला पळाले. ज्यानें निर्वासितांसाठीं सोनें दिलें, तोच निर्वासित झाला.

कोणी म्हणेल, हीं दूरदेशचीं दुःखें. आमच्या वस्तीस त्यांचें काय? त्याच 1943 सालीं आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथें पोलंडच्या निर्वासितांची छावणी उघडली. सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायका व मुलें, सैबेरियाची थंडी सोसून इराणच्या वाटेनें आलीं व कांहीं वर्षें तेथें राहिलीं. युद्ध त्यांच्या गांवीं झालें. चुली मात्र आपल्या मुलखांत पेटल्या.

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे. येत्या कापणीच्या सणांत युद्धानें परागंदा झालेल्यांच्या नांवानें एक टोपली निराळी ठेवावी. तींत घरीं शिवलेली गोधडी, रंगविलेलें मडकें, मुलांनीं काढिलेलें चित्र, असें आपल्या हातचें व आपणांस प्रिय असेल तें घालावें. बोली लावण्यापूर्वीं ही टोपली कोणासाठीं आहे हें मंडळीस नीट सांगावें. पैसे पाळकांच्या हातीं द्यावे, त्यांनीं ते योग्य संस्थेकडे पोंचवावे; आणि शेवटची बोली कोणाची, हें कृपा करून मोठ्यानें पुकारूं नये.