जाळीचे दार आणि नकळत घडणारी हिंसा

अमेरिकेतल्या अनेक घरांत मागच्या फरसबंद अंगणाकडे, म्हणजे पॅटिओकडे, उघडणाऱ्या काचेच्या दाराला जोडून सरकते जाळीचे दार असते. त्याची चाके खालच्या खाचेतून धावतात. खाचेत धूळ, पाणी, खरकट्याचे कण साचतात. मागोमाग मुंग्या येतात आणि दार सरकले की चिरडल्या जातात. चाके अडकू लागली की घरमालक कंटाळून बिजागरीचे दार बसवतो. त्याला हवी असते सोय. जैन आचारशास्त्र मात्र त्याच खाचेपाशी थांबून विचारते: नकळत मेलेल्या जिवाचा दोष कोणाचा?

जाळी मुळात अहिंसेच्या बाजूची, कारण ती डासाला मारत नाही, बाहेर ठेवते. जैन परंपरेत गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगतात. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, पूर्ण वर्ज्य. उरलेल्या तीन संसारात टळत नाहीत, म्हणून कमीत कमी करायच्या. खाचेतली मुंगी आरंभी हिंसेत, घरकामातल्या हिंसेत, मोडते. मनुस्मृतीलाही ही अडचण ठाऊक आहे. चूल, पाटा, झाडू, उखळ आणि पाण्याचा घडा ही तिने गृहस्थाची पाच वधस्थाने मानली आणि दोषनिवारणासाठी रोजचे पंचमहायज्ञ सांगितले. तिथे उपाय हिंसा घडून गेल्यानंतरचा आहे. जैनांचा भर आधीच्या सावधपणावर आहे.

बौद्धांचे उत्तर वेगळे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल या आंधळ्या थेराच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूच्या, पायाखाली चंक्रमण करताना, म्हणजे येरझाऱ्या घालताना, किडे मरतात. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दोष नाही, असा बुद्धांचा निर्वाळा. एवढ्यावर जैनांचे समाधान होत नाही. सूत्रकृतांगात हेतूवर सगळे सोपवणाऱ्या बौद्ध मताची चांगलीच हजेरी घेतली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात: जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणारा हिंसकच; काळजीने वागणाऱ्याला केवळ प्राणघाताने कर्मबंध होत नाही.

आता दाराकडे. बिजागरीच्या दाराला चाकांची खाच लागत नाही, त्यामुळे चिरडणे कमी. स्प्रिंग बसवली तर दार आपोआप मिटते, डास आत येत नाहीत आणि फवारणीची वेळ क्वचित येते. जैन गणनेत मुंगी त्रींद्रिय, डास चतुरिंद्रिय. इंद्रिये जास्त तितकी हिंसा जड, म्हणून हा लाभ लहान नाही. पण ही घट द्रव्यहिंसेतली, प्रत्यक्ष प्राणघातातली. भावहिंसा मनातली, आणि स्प्रिंगला मन नसते. केवळ कटकट नको म्हणून दार बदलणाऱ्याच्या हातून मुंग्या वाचतात, त्याचा गाफीलपणा तसाच राहतो. उलट जुनेच दार ठेवून प्रत्येक वेळी खाच पाहून ते सरकवणारा, एखादी मुंगी मेली तरी, कुंदकुंदांच्या हिशेबात कमी दोषी. मुंग्यांना हा हिशेब पटण्यासारखा नाही. कुंदकुंदांचा निकष मनापुरता चोख आहे. वस्तूची निवड करताना द्रव्यहिंसाही मोजावी लागते, आणि तिथे बिजागरी सरस ठरते.

दार बदलणे हाही आरंभच. जुनी चौकट उचकटताना खाचेतले वारूळ उघडे पडते. दिगंबर मुनी वस्तू उचलण्या-ठेवण्यापूर्वी मोरपिसांच्या पिच्छीने जागा हळुवार झाडतात. ही आदान-निक्षेपण समिती, म्हणजे उचलण्या-ठेवण्यातला सावधपणाचा नियम. गृहस्थावर हा मुनींचा नियम बंधनकारक नाही, तरी स्क्रू काढण्याआधी मऊ कुंचल्याने मुंग्या बाजूला करणे त्याला सहज जमते, आणि त्या कृतीत द्रव्य आणि भाव असे दोन्ही हिशेब जुळतात.