ढगावर हक्क कोणाचा?

पाऊस ओढ देतो तेव्हा वऱ्हाडातील मुसलमान इस्तिस्काची नमाज अदा करतात. त्याच सुमारास कृत्रिम पावसाची मागणीही पुढे येते. या दोहोंत विरोध नाही, दुआ करणाऱ्याला प्रयत्नाची मनाई नाही. प्रश्न शेजाऱ्याचा आहे. विमानातून क्षार फवारून ढग निर्माण होत नाही. असलेल्याच ढगातून अधिक पाऊस पाडता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात २७६ ढग तपासले. पाऊस सरासरी १८ टक्के वाढलेला आढळला. लाभ खरा, पण माफक. मात्र आपल्याकडे पावसाळी वारे बहुधा पश्चिमेकडून येतात. अकोल्यावर रिता झालेला ढग अमरावतीच्या कपाशीवर कमी बरसला तर?

मदीनेत पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (र.) व एका अन्सारींचा तंटा प्रेषितांपुढे (स.) आला. वरच्याने आपली जमीन भिजवावी आणि पाणी शेजाऱ्याकडे सोडावे, हा त्या निवाड्याचा आशय. पाटाला बांध तरी असतो. ढगाला तोही नाही. म्हणूनच हानी झाली नाही हे दाखवण्याचा भार फवारणाऱ्यावर असावा, तहानलेल्यावर नव्हे. प्रवाळ वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियात समुद्रावरील ढग उजळवण्याचे प्रयोग झाले, त्यांनाही मी हेच विचारीन. वऱ्हाडात विमान उडण्यापूर्वी पूर्वेकडील गावांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि भरपाईची तरतूद, दोन्ही लेखी हवीत.