जिंकला तर आपला, हरला तर परका

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, पण त्यातून माणसाच्या मनाचा जो तळ दिसतो, तो वर्षानुवर्षांच्या सहवासातूनही कधी कधी दिसत नाही. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने १९६६ च्या विश्वचषकानंतर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. पंचावन्न वर्षांची तहान होती. इटलीविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर गेला. इंग्लंडच्या मार्कस रॅशफोर्डचा चेंडू गोलखांबाला लागला. जेडन सँचो आणि बुकायो साका यांचे फटके इटलीच्या गोलरक्षकाने अडवले. इटली ३-२ ने जिंकली.

हे तिघेही कृष्णवर्णीय, तिघेही इंग्लंडमध्येच जन्मलेले. साकाचे वय तेव्हा अवघे एकोणीस. त्या रात्रीच तिघांवर समाजमाध्यमांतून वांशिक शिव्यांचा पाऊस सुरू झाला. माकडांची चित्रे पाठवली गेली, 'आपल्या देशात परत जा' असे सांगितले गेले. परत जायचे कुठे? त्यांचा देश तोच होता आणि काही मिनिटांपूर्वी त्याच देशाचा सदरा घालून ते मैदानात उभे होते.

रॅशफोर्ड हा तोच तरुण, ज्याने २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गरीब मुलांचे शाळेतले मोफत जेवण सुट्टीतही चालू राहावे म्हणून आवाज उठवला आणि सरकारला निर्णय बदलायला लावला. ज्या घरांत त्या जेवणाचा घास गेला, त्यांतल्याही कोणी त्या रात्री त्याला शिवी दिली असेल का? कोण जाणे. पण प्रश्न मनातून जात नाही. खांबाला लागलेला चेंडू चार बोटे आत गेला असता, तर हाच रॅशफोर्ड 'आमचा वाघ' ठरला असता. म्हणजे आपला आणि परका यांत फक्त चार बोटांचे अंतर होते. एवढ्या अरुंद पायावर माणसाचे आपलेपण उभे असेल, तर त्याला आपलेपण म्हणायचे काय?

खेळाच्या इतिहासात ही गोष्ट नवीन नाही. १९५० मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वचषकासाठी बरोबरीसुद्धा पुरेशी होती. उरुग्वेने २-१ असे हरवले. अकरा जण हरले, पण खापर फुटले ते मुख्यतः कृष्णवर्णीय गोलरक्षक बार्बोसाच्या डोक्यावर. तो २००० साली वारला, तोपर्यंत हा डाग त्याच्या अंगावर होता. ब्राझीलच्या कायद्यात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

२०१८ च्या विश्वचषकात रशियातील सोची येथे स्वीडनच्या जिमी दुरमाझच्या हातून शेवटच्या क्षणी फाऊल झाला आणि त्यातून मिळालेल्या फ्री किकवर जर्मनीने गोल करून सामना जिंकला. लगेच दुरमाझला 'तालिबानी', 'आत्मघाती हल्लेखोर' म्हणून हिणवण्यात आले. वास्तविक त्याचे आईवडील तुर्कस्तानातून आलेले असिरियन ख्रिस्ती. शिवी देणाऱ्याने त्याचा धर्म तपासला नाही, तपासण्याची त्याला गरजही वाटली नाही. त्याला माणूस दिसतच नव्हता, फक्त केसांचा आणि कातडीचा रंग दिसत होता. मुसलमान म्हणून ज्यांना हिणवले जाते त्यांतले कितीतरी मुसलमान नसतात, यावरून द्वेष किती आंधळा असतो हे कळते.

त्याच वर्षी जर्मनीच्या मेसुत ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकल्यावर मी जर्मन असतो आणि हरल्यावर स्थलांतरित, अशी त्याची तक्रार होती. येथे एक विवेक ठेवला पाहिजे. ओझिलने तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांसोबत छायाचित्र काढले होते आणि त्यावर टीका झाली होती. ती टीका करण्याचा अधिकार कोणालाही आहे. माणसाच्या कृतीवर बोट ठेवणे म्हणजे द्वेष नव्हे. पण टीका जेव्हा कृती सोडून त्याच्या आईवडिलांच्या गावापर्यंत जाते, तेव्हा ती टीका राहत नाही.

काही जण म्हणतात, खेळ म्हटला की हुर्यो आलीच. प्रेक्षक पैसे मोजून येतो, भावनेच्या भरात दोन शब्द इकडेतिकडे होतात, त्याचे एवढे काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात एक खोट आहे. पेनल्टी चुकल्याबद्दल साकाला कोणी नावे ठेवली, तर तो उद्या सराव करून नेम सुधारू शकतो. कातडीबद्दल नावे ठेवली, तर त्याने काय सुधारायचे? जी गोष्ट माणसाने केलीच नाही तिची शिक्षा त्याला देणे, यालाच जुलूम म्हणतात. राहिला भावनेचा प्रश्न. भावनेच्या भरात तोंडातून तेच बाहेर पडते, जे आत असते. उकळी आल्यावर भांड्यातले दूधच उतू जाते, शेजारच्या भांड्यातले नाही. पराभवाने द्वेष निर्माण केला नाही, त्याने फक्त झाकण उडवले.

व्यवस्थेचा न्यायही पाहण्यासारखा आहे. पोलंड आणि युक्रेनमध्ये झालेल्या २०१२ च्या युरो स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी इटलीच्या मारिओ बालोटेलीला वांशिक घोषणा देऊन छळले. क्रोएशियाच्या संघटनेला ८० हजार युरो दंड झाला. त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलास बेंटनरने गोल केल्यावर एका कंपनीची जाहिरात असलेली चड्डी दाखवली. त्याला दंड झाला एक लाख युरो. एका माणसाच्या अब्रूपेक्षा जाहिरातीचा हक्क वीस हजारांनी महाग ठरला. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनने कायदा बदलून ऑनलाइन वांशिक शिवीगाळ करणाऱ्यांनाही मैदानबंदी लागू केली, काहींना तुरुंगही पाहावा लागला. हे चांगलेच झाले. पण कायदा तोंड बंद करू शकतो, मन धुऊ शकत नाही.

हे सारे वाचून 'गोरे लोक असेच' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स बडोद्यात आणि मग मुंबईच्या वानखेडे मैदानावर खेळत असताना त्याला माकडाचे आवाज आणि हावभाव करून चिडवणारे प्रेक्षक आपलेच होते. स्वतः सावळे असलेले लोक दुसऱ्याच्या काळेपणावर हसत होते. आणि २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला, तेव्हा सगळा संघ हरला असताना मोहम्मद शमीची देशनिष्ठा तपासायला कोण निघाले होते, हे वेगळे सांगायला नको. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे शमीच्या बाजूने उभा राहिला, हेही विसरता कामा नये.

शमीचे दुःख आपल्याला चटकन कळते, कारण ते आपले वाटते. पण साकाचे? सायमंड्सचे? आपल्या उर्दू शाळांच्या मैदानावर मधल्या सुट्टीत सावळ्या पोराला 'कालिया' हीच हाक ऐकू येते आणि कालांतराने तो पोरगा त्या हाकेला ओ देऊ लागतो. रिश्ता ठरवताना दीनदारी, तालीम यांची चौकशी नंतर होते, मुलगी 'साफ रंगाची' आहे का हे आधी विचारले जाते. बिरादरी, खानदान यांची उतरंड मशिदीच्या सफमध्ये दिसत नाही, पण निकाहाच्या बोलण्यात पुरती दिसते. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, त्याने दख्खनमध्ये खडकी शहर वसवले आणि खुलताबादला त्याची कबर आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तोंडाने कोणाला खिजवायला 'हबशी' म्हणतो. हजरत बिलाल (र.) यांच्या नावापुढे जो शब्द आदराने येतो, तोच आपल्या गल्लीत शिवी कसा झाला?

मक्का जिंकल्यावर काबागृहावरून पहिली अजान द्यायला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बिलालनाच सांगितले. कुरैशांतल्या काही बड्यांना ते रुचले नाही. अखेरच्या हजच्या प्रवचनात अरबाला गैरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ते फक्त परहेजगारीने मिळते, असे त्यांनी बजावले. हे आपण दरवर्षी ऐकतो. पण मला जास्त विचार करायला लावतो तो हजरत अबू जर गिफारी (र.) यांचा प्रसंग. रागाच्या भरात त्यांनी एकाला त्याच्या आईच्या वंशावरून हिणवले. ते बिलालच होते, असे सांगितले जाते. प्रेषितांनी त्यांना सांगितले, तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. अबू जर हे सुरुवातीच्या ईमानवंतांपैकी, थोर सहाबी. त्यांनाही हे ऐकावे लागले. याचा अर्थ जाहिलियत हा केवळ इतिहासातला एक काळ नाही. ती चांगल्या माणसाच्या मनातही गाळासारखी खाली बसलेली असते आणि रागाने ढवळली की वर येते. अबू जर यांनी मात्र सबब सांगितली नाही. पुढे लोकांनी पाहिले, त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर सारखेच वस्त्र असे.

२०२४ च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच साकाने पेनल्टी यशस्वी मारली आणि इंग्लंडमध्ये जल्लोष झाला. बातम्यांना हा शेवट गोड वाटला. मला त्यात एक कडवटपणा जाणवतो. त्याला सन्मान परत मिळाला तो गोल झाला म्हणून. पुन्हा चुकला असता तर? ज्या सन्मानासाठी आधी जिंकावे लागते, तो सन्मान नसून मजुरी असते. माणसाचा सन्मान जन्माबरोबर आलेला आहे, त्याची पावती त्याला कोणाकडे मागावी लागू नये.

मग साध्या प्रेक्षकाने काय करावे? जो स्वतः शिवी देत नाही, पण शिवी देणाऱ्याच्या शेजारी बसून पुढचा सामना पाहतो, त्याची जबाबदारी कोणती? सोचीच्या सामन्यानंतर स्वीडनचा सगळा संघ सरावाच्या मैदानावर दुरमाझच्या मागे उभा राहिला. मँचेस्टरच्या विथिंग्टन भागात रॅशफोर्डच्या भित्तिचित्रावर कोणी घाण मजकूर लिहिला, तेव्हा शेजारपाजारच्या लोकांनी तो चिठ्ठ्यांनी आणि कागदी बदामांनी झाकून टाकला. ही सगळी आपापल्या संघाची, आपापल्या गावाची माणसे होती. त्यांनी निष्ठा सोडली नाही, तिला न्यायाची जोड दिली.

प्रेषितांनी सांगितले होते की, आपल्या भावाला मदत करा, तो जालिम असो वा मजलूम. सोबत्यांनी विचारले, मजलूमला मदत करू, पण जालिमला कशी करायची? उत्तर मिळाले, त्याला जुलमापासून रोखा, हीच त्याला मदत. आपल्याच संघाच्या, आपल्याच जमातीच्या, आपल्याच घरातल्या माणसाच्या तोंडून असा शब्द निघाला की त्याच क्षणी त्याचा हात धरून 'बस कर' म्हणणे, एवढी मदत तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.