क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

तह झाला म्हणजे युद्ध संपलें, असें आपण समजतों. तोफा थंडावतात, शिपाई घरोघर परततात, मंदिरांतून उपकारस्तुति होते. परंतु युद्धाचें ऋण त्या दिवशीं फिटत नाहीं. तें कोणी फेडावें, आणि तें माफ करण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न पुढें पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. आजोबांच्या खतावर नातवानें व्याज भरणें म्हणजे काय, हें आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस सांगावयास नको.

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं थांबलें. पुढील वर्षीं व्हर्साय येथें तह झाला, व त्याच्या २३१ व्या कलमानें सर्व नुकसानीची जबाबदारी जर्मनीची व तिच्या साथीदारांची आहे, असें जर्मनीकडून लिहून घेण्यांत आलें. १९२१ सालीं भरपाईचा आंकडा १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरला. १९२३ च्या अखेरीस जर्मनीचें चलन इतकें घसरलें कीं, एका डॉलरास ४,२०,००० कोटी मार्क पडूं लागले. म्हातारपणासाठीं जपून ठेवलेल्या पुंजीचा एक पावहि मिळेना. बळजबरीनें लिहून घेतलेल्या दोषानें त्या लोकांच्या अंतःकरणांत पश्चात्ताप उपजला नाहीं. द्वेष मात्र उपजला, आणि हिटलरनें त्याचा पुरता उपयोग करून घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रें थोडीं शहाणीं झालीं. फेब्रुवारी १९५३ मध्यें लंडन येथें झालेल्या करारानें पश्चिम जर्मनीचें सुमारें निम्में परदेशी कर्ज सोडून देण्यांत आलें. आणि पहिल्या युद्धाच्या भरपाईसाठीं काढलेल्या रोख्यांचें कांहीं थकलेलें व्याज, देशाचे दोन भाग पुन्हा एक झाल्यावर द्यावें असें ठरलें. ते भाग १९९० सालीं एक झाले, व शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजीं भरला गेला. युद्ध थांबल्यास तेव्हां ९२ वर्षें होत आलीं होतीं! तथापि ऋणकऱ्यास मोकळा श्वास घेऊं देणाऱ्या त्या कराराची आम्ही स्तुतीच करतों.

परंतु येथेंच आमचें मन अडखळतें. त्याच करारानें युद्धांत नागविलेल्या लोकांचे दावेहि पुढें ढकलले. सावकारानें आपलें खत फाडावें, तें त्याच्या हातीं आहे. ज्याचें घर जळालें त्याचा दावा दुसऱ्यानें कसा बाजूस सारावा?

ग्रीस देशांत योआनिना शहराजवळ डोंगरावर लिंगियादेस नांवाचें लहानसें गांव आहे. आपला एक अधिकारी बंडखोरांनीं मारला, म्हणून जर्मन सैनिकांनीं ३ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्या गांवावर सूड घेतला. ऐंशींहून अधिक माणसें मारलीं व घरें पेटवून दिलीं. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध होते. पुढें मार्च २०१४ मध्यें जर्मनीचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक तेथें गेले. हे गृहस्थ पूर्वी लूथरी मंडळीचे पाळक होते. त्या गांवीं त्यांनीं जर्मनीच्या नांवानें उघडपणें क्षमा मागितली.

गुन्हा घडला तेव्हां गाउक तीन वर्षांचे होते. मग त्यांचा दोष कोणता? पुत्रानें पित्याचा अन्याय वाहावयाचा नाहीं, हें आम्ही यहेज्केल संदेष्ट्यापासून शिकलों. तरी दानीएल व नहेम्या यांनीं पूर्वजांचीं पापें आपलींच म्हणून देवापुढें पदरीं घेतलीं. आम्हांस वाटतें, गाउक यांनीं तीच वाट धरली, आणि हें थोडकें नव्हे. व्हर्सायच्या कलमास जें साधलें नाहीं तें त्या एका वाक्यानें साधलें.

अर्धेंच साधलें, असें मात्र म्हणणें भाग आहे. ग्रीसकडून भरपाईची गोष्ट निघतांच, कायद्याचा मार्ग आतां संपला आहे असें आपलें मत त्यांनीं सांगितलें. १९६० सालीं जर्मनीनें ग्रीसला ११ कोटी ५० लक्ष मार्क दिले होते, हें खरें. पण एवढ्यानें त्या गांवांचें समाधान झालें नाहीं. प्रभूस घरीं घेतल्यावर जक्कय केवळ रडला नाहीं. अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्यास तो उठून उभा राहिला. रिकाम्या हातानें मागितलेली क्षमा आम्ही खोटी म्हणणार नाहीं, पण तिला जक्कयाच्या पंक्तीस कसें बसवावें?

हे दोष दूरच्या राष्ट्रांचे म्हणून आपण सुटतों काय? काहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील दोन भाऊबंदांचा बांधावरून तंटा झाला. पंच बसले, झालें गेलें विसरावें असें ठरलें, दोघांनीं हातांत हात दिले. बांध कोरला गेला होता तो त्यांच्या विधवा भावजयीच्या शेताचा. ती दाराआड उभी होती. प्रार्थना आम्हींच केली. चहा झाला, लोक उठले. तिला कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.