सामर्थ्य, संयम आणि सहावा गिअर

स्पोर्ट्‌स कार महामार्गावर लोक समजतात तितके पेट्रोल पीत नाही, आणि याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ९०-१०० किलोमीटरच्या पुढे गाडीची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हा विरोध मुख्यतः गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिच्या अंगाची घडण आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो. पहिल्या दोन बाबतींत बुटकी, निमुळती स्पोर्ट्‌स कार उंच एसयूव्हीपेक्षा सरस असते. शेव्हरोलेची कॉर्व्हेट हे याचे ठळक उदाहरण. १९५३पासून चालत आलेल्या या अमेरिकी गाडीची पाचवी पिढी १९९७मध्ये बाजारात आली, तेव्हा तिचा हवाविरोधाचा गुणांक ०.२९ होता. बॉनेटखाली ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन होते. तरीही अमेरिकेच्या सरकारी मोजणीत महामार्गासाठी तिला त्या वेळी गॅलनमागे २८ मैलांचा, म्हणजे लिटरमागे जवळपास १२ किलोमीटरचा आकडा मिळाला.

सपाट रस्त्यावर ताशी ११० किलोमीटरचा वेग टिकवायला अशा गाडीला साधारण २० ते २५ अश्वशक्ती पुरतात. त्या इंजिनाची क्षमता ३४५ अश्वशक्तीची होती. म्हणजे महामार्गावर शांतपणे धावणाऱ्या या गाडीची नव्वद टक्क्यांहून अधिक ताकद नुसती पडून असते. हाताशी असलेली ताकद न वापरणे हा नीतीचा विषय आहे का? की आधी सामर्थ्य विकत घ्यायचे आणि मग ते न वापरल्याचे समाधान मानायचे, ही स्वतःची समजूत घालणे आहे? भोगाची साधने जवळ असताना पाळलेल्या संयमाचे मोल काय, या रूपात धर्मचिंतनाने हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला आहे. स्पोर्ट्‌स कारपुरते त्याचे उत्तर शोधायचे, तर इंधन नेमके कोण वाचवते, यंत्र की चालक, हे आधी पाहावे लागते.

यंत्राचा वाटा मोठा आहे. पेट्रोल इंजिनावर भार कमी असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. या ओढाताणीत बरीच शक्ती फुकट जाते. मोठ्या इंजिनाचे दुखणे हेच आहे: किरकोळ कामासाठी ते राबवले, की त्याची कार्यक्षमता घसरते. त्यावरचा उपाय म्हणजे उंच गिअर. पाचव्या पिढीच्या मॅन्युअल कॉर्व्हेटमध्ये सहाव्या गिअरचे गुणोत्तर ०.५० होते, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा दोन फेरे घेई, तेव्हा इंजिनाचा एकच फेरा होई. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाला ते इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर फिरत असे. फेरे कमी झाले की घर्षण घटते. तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांत काढायची असल्याने थ्रॉटलही अधिक उघडावा लागतो आणि हवा ओढण्याचे कष्ट कमी होतात. २०१४च्या सातव्या पिढीने आणखी एक पाऊल टाकले. भार हलका असला, की ६.२ लिटरच्या इंजिनातील आठपैकी चार सिलिंडर काम थांबवत. त्यांच्या झडपा मिटलेल्या राहत, आत कोंडलेली हवा दाबली जाई आणि पुन्हा फुगताना ते श्रम बहुतांशी परत देई. चालकाला याचा पत्ताही लागत नसे.

हे सगळे कौतुकास्पद आहे, पण यात चालकाचा संयम कुठेच नाही. अभियंत्याने केलेली काटकसर चालकाच्या पुण्याच्या खात्यात जमा होत नाही. हा भेद दुसऱ्या एका योजनेत अधिक स्पष्ट दिसतो. अमेरिकेच्या १९७८च्या ऊर्जा कर कायद्याने फार पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर खास कर बसवला. तो चुकवता यावा म्हणून १९८९पासून कॉर्व्हेटच्या सहा गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एक अडसर घालण्यात आला. इंजिन तापलेले असेल, वेग कमी असेल आणि ॲक्सिलरेटर हलकाच दाबलेला असेल, तर पहिल्यातून दुसऱ्या गिअरची वाट बंद होई आणि गिअरचा दांडा थेट चौथ्यात जाई. चाचणीतला आकडा सुधारला, कर टळला. मालकांनी मात्र हा अडसर निकामी करणारा छोटासा प्लग शोधून काढला आणि तो बसवणे कित्येकांसाठी नव्या गाडीवरचे पहिले काम ठरले. ताशी ५५ मैलांच्या राष्ट्रीय वेगमर्यादेचे असेच झाले. १९७३च्या तेलसंकटानंतर १९७४मध्ये ती आली, सर्रास मोडली गेली आणि १९९५मध्ये रद्द झाली.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने या अवस्थेचे निदान करून ठेवले आहे. कर्मेंद्रिये आवरून धरायची आणि मनाने विषयांचेच चिंतन करत बसायचे, या वागण्याला तिथे मिथ्याचार म्हटले आहे. अडसरामुळे चौथ्यात गेलेला दांडा बाहेरून पाहता काटकसर करतो. हाताची ओढ मात्र दुसऱ्या गिअरकडेच असते. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या सातव्या भागात जवळपास हाच भेद वेगळ्या बाजूने मांडला आहे. इच्छा जोरकस असून तिला आवर घालणारा एक, आणि अतिरेकाची इच्छाच ज्याला उरलेली नाही असा दुसरा. त्याच्या मते दुसरा श्रेष्ठ. स्पोर्ट्‌स कारच्या चालकाकडून ही दुसरी अवस्था अपेक्षिणे कठीण आहे, कारण ती ओढ नसती तर त्याने ही गाडी घेतलीच नसती. त्याला पहिल्या पायरीवर उभे राहता येते, आणि ती पायरी क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. जबरदस्तीने आवरलेला आणि समजून आवरलेला, यांच्यातले अंतर मोठे आहे.

हा समजून आवरण्याचा भाग चालकाच्या उजव्या पायात असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ११०वरून १४०वर गेले की दर किलोमीटरला हवेपोटी होणारा खर्च सुमारे ६२ टक्क्यांनी वाढतो. कोणतीही दुरुस्ती, कोणताही महागडा सुटा भाग एवढा फरक पाडू शकत नाही. बाकीच्या गोष्टी बारीकसारीक, पण खऱ्या आहेत: रुंद टायरमध्ये कंपनीने सांगितलेला दाब राखणे, चाकांचे अलाइनमेंट तपासून घेणे, उघडे छप्पर आणि खाली केलेल्या काचा महामार्गावर बंद ठेवणे, केवळ रुबाबासाठी बसवलेला मोठा स्पॉयलर काढून टाकणे. सर्वांत मोलाची सवय नजरेची आहे. पुढचा टोलनाका, पुढची गर्दी, दूरवर लागलेले ब्रेकचे दिवे लांबूनच हेरले आणि पाय आधीच उचलला, तर वेगात साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जात नाही. प्रत्येक ब्रेक म्हणजे थोड्या वेळापूर्वी जाळलेल्या पेट्रोलवर पाणी सोडणे.

गीतेचा सहावा अध्याय योग्याच्या आहार-विहाराला प्रमाण घालून देतो: फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. ज्ञानेश्वरांनी या जागी खाणे, बोलणे, चालणे, झोपणे अशा रोजच्या एकेका क्रियेला माप लावले आहे. त्यात चालण्याच्या पावलांचाही हिशेब येतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्या विवेचनात संयम हा क्रिया सोडण्यात नसून ती करताना राखलेल्या अवधानात आहे. पाय केव्हा उचलायचा हे ओळखणारा चालक त्या अवधानाच्या जवळपास पोहोचतो, मग हाताखालची गाडी कोणतीही असो.

वेगाच्या शर्यतीतही हे घडते, हे अनेकांना खरे वाटत नाही. १९८२मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रुप सी’ शर्यतींच्या नियमांनी इंजिनाच्या आकारापेक्षा इंधनावर बंधन घातले: टाकी १०० लिटरची आणि हजार किलोमीटरच्या शर्यतीत इंधन भरण्यासाठी पाचच थांबे. म्हणजे ६०० लिटरमध्ये हजार किलोमीटर. सर्वांत वेगवान गाडीसुद्धा शेवटच्या फेऱ्यांत कोरडी पडू शकत होती. चालक वळणाच्या बऱ्याच आधी ॲक्सिलरेटर सोडत, गाडीला स्वतःच्या वेगावर वाहू देत आणि ब्रेक उशिरा, हलका लावत. २०१४मध्ये ल मांच्या शर्यतीतील वरच्या वर्गाच्या हायब्रिड गाड्यांसाठी दर फेरीला वापरता येणाऱ्या इंधन-ऊर्जेचीच मर्यादा ठरली. कॉर्व्हेटच्या अडसरासारखेच हे बंधनही बाहेरून आले होते. पण येथे ते खेळाचाच भाग झाले. त्यातून नवे कौशल्य घडले आणि बंधन मोडण्यापेक्षा त्यात निष्णात होणे प्रतिष्ठेचे ठरले. व्रत आणि सक्ती यांत हाच फरक असतो: बंधन तेच, पण ते स्वीकारणारा निराळा.

अवधान आले तरी सगळा हिशेब संपत नाही. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५च्या ‘द कोल क्वेश्चन’मध्ये दाखवले, की कोळसा अधिक काटकसरीने वापरणारी वाफेची इंजिने आली तेव्हा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, वाढला. स्वस्त झालेल्या शक्तीला नवनवी कामे सापडली. महामार्गावरची आकडेमोड सोपी आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ८ किलोमीटर देत असेल, तर १,५०० लिटर पेट्रोल लागते. तिचे मायलेज १२वर नेले, तर १,००० लिटर पुरतात आणि ५०० लिटर वाचतात. पण ‘आता परवडते’ म्हणून तीच गाडी १८,००० किलोमीटर फिरवली, तर पुन्हा १,५०० लिटरच जळतात. मायलेजचा आकडा एका किलोमीटरपुरता बोलतो. हवेत जाणारा धूर लिटरवर ठरतो, आणि एक लिटर पेट्रोल जळताना साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

या ठिकाणी जैन आचारशास्त्र इतर सर्वांपेक्षा नेमके बोलते. श्रावकासाठी, म्हणजे संसारी माणसासाठी, सांगितलेल्या व्रतांत दिग्व्रत आहे. त्यात आपण कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा माणूस स्वतःच आखून घेतो. भोगाच्या वस्तूंचे परिमाण ठरवण्याचे व्रत आहे. शिवाय अनर्थदंडविरती आहे, म्हणजे प्रयोजन नसलेल्या हिंसेपासून दूर राहणे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अशा निरर्थक कृतींची जी गणना आहे, तिच्यात विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे यांच्याबरोबर विनाकारण भटकणेही येते. मोटारीच्या कित्येक शतके आधीच्या या यादीत अग्नी आणि भटकंती दोन्ही आहेत. संसारी माणसाने प्रवास करूच नये, असे हे शास्त्र म्हणत नाही. प्रयोजन काय आणि सीमा कुठे, हे निघण्याआधी ठरवायला सांगते. जेव्हन्सने दाखवलेली गळती थांबवण्याची दुसरी वाट दिसत नाही. मायलेज सुधारले की लिटरची वार्षिक मर्यादा खाली आणायची, अंतराची वर न्यायची नाही. ही मर्यादा आखून घेणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाचा संयम खरा मानायला हवा. ती न आखणाऱ्याची काटकसर बहुधा केवळ खिशापुरती राहते. छोटी गाडी घेतली असती तर यापेक्षा कमी पेट्रोल लागले असते, हा आक्षेप खराच आहे आणि त्याला पुरते उत्तर नाही. पण आधीच घेतलेल्या गाडीबाबत कसे वागावे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

काही बचती मात्र संयमाच्या नावाखाली दुसऱ्याच्या जिवावर केल्या जातात. ट्रकच्या पाठीला चिकटून चालल्याने हवेचा विरोध खरोखर घटतो, पण बुटक्या गाडीतल्या चालकाला पुढचा रस्ता दिसत नाही आणि ट्रकने करकचून ब्रेक लावले तर वेळ हाती राहत नाही. वेगवान मार्गिकेत रेंगाळत मायलेज सांभाळणारा मागच्यांना चुकीच्या बाजूने पुढे जायला भाग पाडतो. मंद जायचे असेल तर आपापल्या देशातल्या नियमाप्रमाणे डावीकडची किंवा उजवीकडची हळू जाणाऱ्यांची मार्गिका त्यासाठीच असते. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय सह्याद्रीच्या घाटांत दिसते. त्यात सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि बचतही होत नाही, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहते. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर फेरे पुरेसे असेपर्यंत इंजेक्टर बंद राहतात, पेट्रोलचा थेंबही जळत नाही आणि उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरते.