रीतसर गेलेल्यांची सबब

कॅनडातला तो आकडा या आठवड्यात पुन्हा फिरू लागला. देशात बाहेरची माणसं फार येतात, असं म्हणणारे ५८ टक्के. एन्व्हायरॉनिक्स संस्थेची ही पाहणी २०२४ची, पण आपल्याकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती दर काही महिन्यांनी नवी होऊन येते, कारण दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी मुलाचं परमिट अडकतं. या वेळचा संताप मोठा होता. शिकलेली, कर भरणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी आमची पोरं, त्यांना हे लोक ओझं म्हणणार? हा संताप मला मान्य आहे. चीड आली ती नंतरच्या मेसेजची. त्याच गृहस्थांनी तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘नव्या सिक्युरिटी एजन्सीला आधीच सांगून ठेवा, यूपी-बिहारची माणसं पाठवू नका.’

एका मुलीने दोन्ही मेसेज एकाखाली एक ठेवून विचारलं, ‘काका, हे कसं काय?’ उत्तर आलं, ‘आम्ही रीतसर गेलो.’ त्यावर भराभर अंगठे उमटले आणि चर्चा संपली.

ही चर्चा संपू द्यायची माझी तयारी नाही. ते मराठी शिकत नाहीत, वस्त्या वाढतात, गुन्हे वाढतात वगैरे बाकीच्या सबबी निदान उघड्या तरी असतात. रीतसरपणाची सबब इस्त्री करून येते. शिकलेल्या माणसाला ती वापरताना आपण कुणाचा द्वेष करतो असं वाटत नाही, उलट आपण कायद्याच्या बाजूने उभे आहोत असं वाटतं.

तर रीतसरपणाच पाहू. बिहारमधल्या दरभंग्याचा मुलगा पवन एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरतो, तेव्हा त्याने कोणता नियम मोडलेला असतो? राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने त्याला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा, कायमचं घर करण्याचा आणि कोणताही कामधंदा करण्याचा हक्क दिला आहे. त्याचं तिकीट काढलेलं आहे. आधार कार्डाची प्रत तुमच्या सोसायटीच्या फायलीत आहे, पोलीस पडताळणी झालेली आहे. त्याला व्हिसा लागला नाही, कारण तो परदेशात आलेलाच नाही. तुमच्या मुलाला कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये राहू देणं ही तिथल्या सरकारची मर्जी आहे आणि ती मर्जी फिरली तर त्याला सामान बांधावं लागेल. दरभंग्याच्या मुलाने मुंबई-पुण्यात राहणं कुणाच्याही मर्जीवर नाही. रीतसरपणाचीच मोजपट्टी लावायची असेल, तर वॉचमनच्या केबिनमधला मुलगा तुमच्या इंजिनिअर मुलापेक्षा अधिक रीतसर आहे. सकाळ-संध्याकाळ राष्ट्र राष्ट्र करणाऱ्यांना राष्ट्र एक असण्याचा हा इतका साधा अर्थ समजू नये, याचं मला खरोखर दुःख होतं.

आणि रीत ठरवतं कोण? कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला, की जन्मदेशातून थेट, वाटेत कुठेही न थांबता येईल त्यालाच प्रवेश. भारतातून थेट जहाज जवळपास नव्हतंच, म्हणून तर हा नियम होता. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली. ते सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, म्हणजे कागदावर कॅनडातल्या गोऱ्या माणसाइतकेच. जहाज दोन महिने बंदरात अडवून धरलं आणि जवळजवळ सगळ्यांना परत धाडलं. कोलकात्याजवळ बजबज इथे उतरताना त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. ही कारवाई करणारा प्रत्येक अधिकारी रीतसरच वागत होता.

अमेरिकेत १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. निकालानंतर सरकारने मागे जाऊन, आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला घेतली. त्यात एक नाव होतं सखाराम गणेश पंडित. १९१४ मध्ये नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे, आणि खुद्द थिंद यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले. आता त्यांच्यावर स्वतःसाठी उभं राहायची पाळी आली. तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी घर केलं, व्यवसाय केला, लग्न केलं, आता ते काढून कसं घेता, असा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे ही मोहीम थांबली. पंडितांचे कागद पहिल्या दिवसापासून रीतसर होते. ‘आम्ही रीतसर गेलो’ म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क एका सहीने बसलं, तेव्हाही रांगेत उभे असलेले बहुतेक भारतीयच होते आणि सगळे नियम पाळूनच उभे होते.

आता सोसायटीच्या फाटकाशी या. सबब सांगणारी माणसं इथे कायदा किती पाळतात? वॉचमनची पाळी बारा तासांची. ठरलेल्या तासांवरच्या कामाचा दुप्पट दर कुणाला ठाऊक आहे? पीएफ कापला जातो, तो भरला जातो का, हे समितीने कधी विचारलं? सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून स्वतंत्र कायदा आहे, मंडळं आहेत; सगळ्यात स्वस्त एजन्सी निवडताना त्याचं नावही निघत नाही. केबिनचा पत्रा मे महिन्यात तापतो, पंखा मागितला की पुढच्या बैठकीत बघू. (या केबिनबद्दल मी या स्तंभात आधीही लिहिलं आहे. पंखे लागेपर्यंत लिहीन.) परराज्यांतल्या मजुरांसाठी १९७९चा कायदा होता. ठेकेदाराने परवाना घ्यायचा, मजुरांची नोंद ठेवायची, प्रवासभत्ता द्यायचा. तो किती पाळला गेला, हे २०२० च्या टाळेबंदीत उघडं पडलं. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची माणसं, घरी जाणारी गाडी मिळेल म्हणून भुसावळकडे चालत निघालेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची आकडेवारी आमच्याकडे नाही. रीत मोडली ती आपण.

टक्केवारी फिरवणाऱ्यांना मी नेहमी एकच सांगतो, आधी प्रश्न दाखवा, मग आकडा. याच एन्व्हायरॉनिक्सला २०२२ मध्ये दहातल्या सात कॅनेडियन लोकांनी सांगितलं होतं, की येणारी माणसं फार नाहीत. दोन वर्षांत देशाचा स्वभाव बदलतो का? बदललं ते घरभाडं. येणारे फार झाले म्हणणाऱ्यांनी कारणं सांगितली त्यांत घरांची टंचाई आणि अर्थव्यवस्था सगळ्यात वर होती. याच काळात सरकारने परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने कापले, कायम वास्तव्य देण्याचं २०२५चं लक्ष्य ३,९५,००० वर आणलं. अमेरिकेतल्या गॅलपच्या चाचणीत २०२४ मध्ये ५५ टक्के लोक म्हणत होते, येणाऱ्यांची संख्या कमी करा. वर्षभरात स्थलांतरितांची धरपकड डोळ्यांनी पाहिल्यावर असं म्हणणारे ३० टक्क्यांवर आले. आपण कोण आणि परका कोण, याचं उत्तर इतक्या लवकर बदलत असेल, तर ते उत्तर रक्तातून येत नाही. पुष्कळ वेळा ते पाकिटातून आणि भीतीतून येतं.

मुलांचं आयुष्य आपल्यापेक्षा बरं जाईल का, असं जगभर विचारतात, तेव्हा फ्रान्स आणि जपान तळाशी असतात आणि भारतीय वरच्या रांगेत. या आशेवर आपण फार खूश असतो. मग एवढी आशा असलेल्या समाजाला बिहारच्या मुलाची भीती का वाटावी? मला वाटतं, चाचणीवाल्याला आपण देशाबद्दल उत्तर देतो आणि रात्री झोप लागत नाही ती मुलाच्या नोकरीमुळे. ती काळजी खरी आहे. तलाठ्याच्या चार-साडेचार हजार जागांसाठी २०२३ मध्ये दहा लाखांवर अर्ज येतात, तेव्हा गावाकडच्या पोराच्या पोटात गोळा येणारच. त्याच्यापाशी मला ठणकावून काही सांगायचं नाही. पण त्याची जागा वॉचमनने घेतलेली नाही.

नोकरीची काळजी बाहेरच्या माणसावर काढणं मुंबईत आधीही होऊन गेलं आहे. १९६० नंतर ‘मार्मिक’मध्ये दक्षिणेकडच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, १९६६ मध्ये शिवसेना निघाली, कारकुनाच्या आणि टायपिस्टच्या नोकऱ्यांवरून मद्राशांना मार बसला. मराठी मुलाला बँकेत, कंपनीत दार बंद होतं ही तक्रार खोटी नव्हती. पण गिरणगावातून मराठी कामगार उठला तो कुणामुळे? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत, १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी त्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायला लागल्या, २००१च्या दुरुस्तीने उरलंसुरलं बिल्डरांना मिळालं. लालबाग-परळचा माणूस बदलापूर-विरारला गेला तो जमिनीच्या भावामुळे. २००८ मध्ये रेल्वेची परीक्षा द्यायला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारून त्याला परळमध्ये घर मिळालं नाही.

आणि आपण स्वतः? सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले. केरळपासून उत्तर प्रदेशपर्यंत सराफ बाजारात चौकशी करा, विट्याकडचा माणूस भेटेल. तिथे तो बाहेरचा आहे, मुलं तिथल्या भाषेत शिकतात, आणि दुष्काळी माणदेशात त्याच पैशांनी घरं उभी राहिली. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात जातो. कोकणातला चाकरमानी मुंबईत आला तेव्हा या शहराने त्याला घाटी म्हणून हिणवलं, तो कोकणातला असूनही.

भाषेचं बोलायचं तर मी हट्टी आहे. महाराष्ट्रातल्या बँकेच्या काउंटरवर मराठी बोललंच पाहिजे, पहिलीपासून हिंदीचा तो शासन निर्णय २९ जून २०२५ ला मागे घ्यावा लागला ते उत्तम झालं. हा आग्रह सरकारकडे, बँकेकडे, बिल्डरकडे, कॉर्पोरेट ऑफिसकडे धरायचा. मराठी बोलत नाही म्हणून मिठाईच्या दुकानातल्या माणसाच्या कानाखाली वाजवून व्हिडिओ काढणारे बिल्डरच्या ऑफिसात कधी गेलेले मी पाहिले नाहीत, आणि इंग्रजी शाळेत घातलेली स्वतःची पोरं त्यांनी मराठी शाळेत आणलेलीही पाहिली नाहीत. वॉचमनला मराठी यावी असं वाटत असेल तर त्याच्याशी मराठीत बोला. आपण त्याला पाहताच मोडक्या हिंदीत सुरू होतो. तो कुठून शिकणार?

परदेशी गेलेल्या मुलांसाठी आपण जे मागतो ते योग्यच मागतो. त्याला नावाने ओळखा, कामाने तोला, त्याच्या देशाचा माणूस म्हणून एका झाडूने बाहेर लोटू नका. फाटकावरच्या मुलासाठी यातलं एक अक्षरही कमी करायचं कारण मला सापडत नाही. कुणाला सापडलं तर कळवावं. फक्त ‘आम्ही रीतसर गेलो’ हे लिहिण्यापूर्वी आपल्या एजन्सीची गेल्या सहा महिन्यांची पीएफची चलनं मागवून पाहावीत आणि पत्रासोबत जोडावीत.