शेजारधर्म आणि सीमा

शेजारधर्म राज्याच्या सीमेपाशीं संपतो काय? पिरिनीज पर्वतांतील सेर्दान्या हें खोरें १६५९ च्या तहानें फ्रान्स व स्पेन यांत विभागलें गेलें. तेथें स्पेनच्या बाजूस, पुचसेर्दा गांवीं, २०१४ सालीं उभय देशांच्या रहिवाशांकरितां एकच रुग्णालय उघडलें. त्यास युरोपीय संघाच्या निधीचें मोठें साहाय्य झालें. तरीही फ्रेंच मातेच्या बालकाची जन्मनोंद कोणत्या दप्तरीं करावी, मृताचा देह कोणत्या परवान्यानें सीमेपार न्यावा, हे प्रश्न उरलेच. कायदा करुणेच्या आड येतो, असें कोणी म्हणेल. परंतु विचार केला असतां उलटच दिसतें. करुणा क्षणिक असते. दप्तर आणि परवाना यांतून वाट काढली, म्हणजेच ती टिकते. शेजाऱ्याच्या दुःखानें हळहळणें सोपें. त्याच्यासाठीं आपले नियम बदलणें, हीच शेजारधर्माची खरी कसोटी होय.